बोअरचं पाणी, चुलीची काजळी आणि सोडा-व्हिनेगरचा फेस

घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात नव्यानेच नांदायला गेलेल्या मुलीचा प्रश्न आहे. माहेर नागपूरचं. सासरचं घर अर्धं मातीचं, अर्धं फरशीचं, पाणी बोअरचं. ती लिहिते की महिन्याला सहा-सातशे रुपये साफसफाईच्या निळ्या-हिरव्या बाटल्यांवर जातात, तरी नळ पांढरे, डबे चिकट आणि कूलर क्षाराने गच्च. व्हिडिओत बघून सोडा आणि व्हिनेगर मिसळून लावलं, फेस भरपूर आला, डाग जागच्या जागी राहिले. घरातल्या वस्तूंनी खरंच काही होतं का, आणि नवऱ्याचे फवारणीचे कपडे कशाने धुवायचे, असं तिने विचारलंय.

होतं, पोरी. पुष्कळ होतं. मी यवतमाळ जिल्ह्यात २३ वर्षं मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर आणि साफसफाई सांभाळली. सव्वाशे मुली, एक बोअर, आणि सफाईच्या सामानाला मिळणारे पैसे इतके तुटपुंजे की बाटल्यांचा विचारच करायला नको. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र होतं, ते पुस्तकात राहिलं असतं. या वसतिगृहाने ते हातात आणलं.

आधी तुझ्या फेसाचं सांगते. खाण्याचा सोडा खारा, म्हणजे आम्लाच्या उलट जातीचा, आणि व्हिनेगर आंबट. दोन्ही आपापल्या जागी कामाचे. एकत्र केले की ते एकमेकांनाच मारतात. फेस म्हणजे त्या झटापटीत सुटणारा वायू. तो बसला की भांड्यात उरतं ते जवळजवळ मिठासारखं मवाळ पाणी, त्यात ना सोड्याचा जोर, ना आंबटाचा. म्हणजे तू दोन कामाच्या वस्तू घेतल्या आणि डागापर्यंत पोचायच्या आधीच दोन्ही संपवल्या.

म्हणून पहिली गोष्ट, मळ कोणत्या जातीचा आहे ते बघ. बोटाला चिकट लागतो, तेलकट आहे, त्यावर धूळ बसून काळा झालाय, तर त्याला खारं लागतं: सोडा किंवा राख. पांढरा, टणक, नखाने खरवडला तर भुकटी पडते असा असेल, किंवा पितळ-तांबं काळवंडलं असेल, लोखंडाचा तांबूस डाग असेल, तर त्याला आंबट लागतं: चिंच, लिंबू, लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड). एकाच जागी दोन्ही प्रकारचा मळ असला, तुझ्या गॅसच्या ओट्याजवळच्या नळासारखा, तर आधी सोड्याने तेल काढायचं, साध्या पाण्याने पूर्ण धुवायचं आणि मगच आंबट लावायचं. तेलाचा थर वर असेल तर आंबट खाली पोचतच नाही.

आता पाणी. तुझं अर्धं दुखणं तिथे आहे, आणि ते कोणतीच बाटली बरं करत नाही. दोन सारख्या रिकाम्या बाटल्या घे. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं गाळून धरलेलं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा किसलेला चिमूटभर चुरा टाक आणि दहा-बारा वेळा हलव. पावसाच्या पाण्यात फेस गळ्यापर्यंत चढेल. बोअरच्या पाण्यात पाणी दुधाळ होईल आणि वर पांढरट साय तरंगेल. ती साय म्हणजे साबण आणि पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम यांचा गाळ. तीच बादलीच्या कडेला, न्हाणीच्या भिंतीला आणि कपड्यांच्या धाग्यांत जाऊन बसते. तू साबण वाढवतेस तेव्हा सायच वाढते.

यावर इलाज धुण्याचा सोडा. खाण्याचा नव्हे, दुकानदाराला तसं स्पष्ट सांग, कारण दोन्ही पांढरेच दिसतात. दहा लिटर पाण्यात एक लहान चमचा सोडा टाकून ढवळ, पाच मिनिटं थांब, मग साबण किंवा पावडर घाल. पाण्यातला कॅल्शियम सोड्याला बांधला जातो आणि साबण कामाला मोकळा राहतो. आमच्याकडे कपड्याच्या साबणाचा खर्च यानेच सगळ्यात जास्त उतरला. रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र सोडा लावू नको, धागा खराब होतो. त्यांना रिठा. रिठ्याचा फेस जड पाण्यातही साय धरत नाही. चार-पाच रिठे फोडून बिया काढ, रात्रभर भिजव आणि सकाळी कुस्करून गाळ. अकोला, बुलढाणा, अमरावतीकडच्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या बायांना हे इतकं लागू पडणार नाही, कारण तिथल्या पाण्यात नुसता चुन्याचा जडपणा नाही तर मीठच विरघळलेलं आहे आणि ते सोड्याने निघत नाही. तिथे छपराचं पावसाचं पाणी टाकीत धरणं हाच खरा उपाय. जमेल तेवढं तूही धर. काचेचे ग्लास, आरसा आणि खिडक्या शेवटी त्याच पाण्याने पुसल्या तर पांढरे ठिपके राहत नाहीत.

चिकट डब्यांकडे येते. फोडणीचं तेल वाफेबरोबर उडून डब्यांवर, भिंतीवर, पंख्याच्या पात्यांवर बसतं आणि महिन्या-दोन महिन्यांत वाळून त्याचा चिवट पापुद्रा होतो. आपल्याकडे जवसाचं तेल वापरणाऱ्या घरांत हे जास्त दिसतं. जवस हे वाळणारं तेल आहे. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं, म्हणून तर लाकडाच्या रंगात आणि रोगणात ते घालतात. तेलाच्या कॅनच्या तोंडाशी जो पिवळा, गोंदासारखा थर असतो तो रोगणाचाच भाऊ समज. घासून तो निघत नाही, त्याला भिजवावं लागतं. एक लिटर कडक पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळव, जुनं सुती फडकं त्यात बुडवून पिळ आणि डब्याला गुंडाळून ठेव. पंधरा मिनिटं हात लावू नको. फडकं सोडलंस की थर मऊ होऊन सुरकुतलेला दिसेल, तो नारळाच्या काथ्याने सहज निघतो. हातमोजे घाल, नसतील तर आधी हाताला खोबरेल चोळ आणि नंतर लगेच धू. या सोड्याने कातडी सुकून तडकते. रंगवलेल्या पत्र्याचे डबे असतील तर जास्त वेळ ठेवू नको, रंगही सुटतो. आणि जवसाच्या तेलाने ओली झालेली फडकी बोळा करून कोपऱ्यात कधीच टाकू नको. वाळताना त्या तेलात उष्णता तयार होते आणि बोळ्यात ती कोंडली तर फडकं आपोआप पेटू शकतं. पसरून उन्हात वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव.

राखेला कमी लेखू नको. तुझ्याकडे चूल आहे, पऱ्हाटी आणि तुराट्या, म्हणजे कपाशी-तुरीच्या वाळक्या काड्या, जळतात. त्या राखेत पोटॅशचा क्षार असतो, म्हणजे ती स्वतःच एक सोडा आहे. शिवाय तिचे बारीक कण घासायचंही काम करतात. पण ती कापडातून चाळून घे. न चाळलेल्या राखेतले खडे स्टीलवर जे ओरखडे पाडतात त्यांत पुढे मळ अडकत जातो आणि भांडं कायमचं मंद दिसतं. ज्या दिवशी चुलीत प्लास्टिकची पन्नी किंवा रंगवलेलं लाकूड जळलं त्या दिवशीची राख भांड्यांना घेऊ नको.

चुलीवरच्या गंजाची, म्हणजे पातेल्याची, बुडं काळी होतात ती घासत बसण्यापेक्षा आधीच सांभाळ. तुझ्या सासूबाईंना विचार, त्या करत असतील: गंज चुलीवर ठेवण्याआधी बाहेरून बुडाला माती आणि राखेचा पातळ लेप द्यायचा. काजळी लेपावर बसते आणि धुताना लेपाबरोबर उतरते. रोजची पंधरा मिनिटांची घासाघीस दोन मिनिटांवर येते. मला हे एका स्वयंपाकीण बाईने शिकवलं, आणि माझ्या सगळ्या रसायनशास्त्रापेक्षा ते जास्त कामी आलं.

जर्मनच्या भांड्यांना, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, सोडा आणि राख दोन्ही वर्ज्य. खारं त्या धातूला खातं, भांडं काळंकुट्ट होतं आणि झिजतं. जर्मनचा गंज आतून काळा पडला असेल तर त्यात पाणी आणि लिंबाची पिळलेली सालं किंवा मूठभर चिंच टाकून दहा मिनिटं उकळव, थंड झाल्यावर साध्या साबणाने धू.

पितळी गुंड आणि कोपर तू नागपूरहून आलीस तेव्हा फळीवर काळे पडलेले होते म्हणतेस. चिंच आणि मीठ. सार केल्यावर गाळणीत उरणारा चोथा चालतो, वेगळी चिंच विकत आणायची गरज नाही. अंबाडीची भाजी उकडून जे आंबट पाणी आपण पिळून टाकतो तेही चालतं. चोथ्यात जाडं मीठ मिसळून भांड्याला लाव आणि पाच-सात मिनिटांनी चोळ. चोथ्याचा रंग हिरवट-काळा होत जाईल आणि खालून पिवळं उघडं पडेल. आंबट त्या काळ्या थराला विरघळवतं. मग भरपूर पाणी, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसणं. इथेच बाया चुकतात. भांडं उपडं घालून निथळत ठेवलं की बोअरच्या पाण्याचा प्रत्येक थेंब वाळून डाग धरतो आणि कडेला आंबटाचा अंश राहिला असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काळं. आतून कल्हई केलेल्या भांड्याला आतल्या बाजूने चिंच घासू नको, कल्हई लवकर उडते. आणि कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात कढी-ताक ठेवू नको, ते कळकतं आणि पोटाला बाधतं.

नळांचा पांढरा थर लिंबूसत्वाने जातो. किराणा दुकानात टाटरी म्हणूनही मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. फडकं भिजवून नळाला बांध, तासाभराने सोड, जुन्या दात घासायच्या ब्रशने घास आणि धू. रात्रभर बांधून ठेवू नको. नळाचा चकचकीत मुलामा हलका असेल तर तोही सोलून निघतो. शॉवरची जाळी, संडासच्या भांड्यातला पिवळा-पांढरा पट्टा, पाणी गरम करायच्या रॉडवरचा क्षार, सगळ्याला हेच पाणी. रॉड आधी बोर्डातून काढून थंड होऊ दे, हे सांगायला नकोच, तरी सांगते.

कूलर हा आपल्या विदर्भाचा वेगळाच विषय. मार्चपासून जूनपर्यंत तो रोज बादल्याच्या बादल्या पाणी उडवतो. पाणी उडतं आणि त्यातला सगळा क्षार मागे राहतो. तेच आटलेलं पाणी पुन्हा पुन्हा कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या ताट्यांवर फिरतं, म्हणून मे महिन्यात ताट्या वाळलेल्या पापडासारख्या कडक होतात आणि हवा येत नाही. तुझा पंप गुणगुणतो पण पाणी चढत नाही, असं लिहिलंस. तो जळलेला नाही, बहुतेक अडकलाय. प्लग काढ. पंपाच्या पुढची जाळी आणि झाकण उघड. आत छोटं पातं असतं, ते हळूच बाहेर ओढता येतं. त्याच्या दांडीवर आणि भोकात पांढरा दगडासारखा थर दिसेल. पातं आणि झाकण लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडव. बारीक बुडबुडे सुटू लागतील, हा मात्र कामाचा फेस, क्षार विरघळत असल्याचा. तासाभराने ब्रश फिरव, धू, बसव आणि पातं बोटाने मोकळं फिरतंय ना ते पाहूनच प्लग लाव. दरवर्षी नवा पंप घेणारी कितीतरी घरं मी पाहिली, जुना पंप आतून चांगलाच असायचा.

टाकीचं वेगळं. प्लास्टिकची असेल तर लिंबूसत्व चालतं. तुझ्याकडे पत्र्याचा देशी कूलर असेल तर टाकीत आंबट ओतू नको. त्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो, आंबट आधी त्यालाच खातं आणि पुढच्या उन्हाळ्यात टाकी गळते. तिथे थर ओला करून लाकडी पट्टीने खरवड, धू, कडकडीत वाळव आणि आतून डांबराचा हात दे. कूलर चालू असताना दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी कर आणि कडा काथ्याने घासून काढ. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, कारण डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर कडेला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. घासल्यावरच जातात. पाणी बदललं की ताट्यांवरचा क्षारही कमी होतो, एका कामात दोन कामं.

फरशीला कोणतं आंबट लावू, हेही विचारलंस. कोणतंच नाही. तुझ्या पुढच्या खोलीत शहाबादी आहे. तो चुनखडीचा दगड. लिंबू, व्हिनेगर, ॲसिड, काहीही पडलं की दगडच विरघळतो आणि तिथे खरखरीत, पांढरट चट्टा उरतो जो परत येत नाही. चिप्सच्या फरशीचंही तेच, त्यात संगमरवराचे तुकडे असतात. बादलीभर कोमट पाण्यात अर्धा चमचा धुण्याचा सोडा, पिळलेलं फडकं, आणि नंतर एक हात साध्या पाण्याचा. बस. मातीच्या खोलीला शेणाचं सारवण आहे, ते राहू दे. धूळ धरून ठेवायला त्याच्यासारखं काही नाही. रांगतं बाळ आलं की मात्र ते रांगेल तेवढ्या जागेत चटई टाक. भिंतीला बुरशी येत असेल तर पावसाळ्याआधी चुन्याचा हात दे. ताजा विरवलेला चुना इतका खारा असतो की त्यावर बुरशी धरत नाही. डोळ्यांत उडाला तर वाईट, चष्मा घाल.

हळदीच्या डागाने तू घाबरलीस, साबण लावताच डाग लालभडक झाला म्हणून. ती हळदीची रीतच आहे, खारं लागलं की लाल होते. धुऊन टाक, पिवळी होईल, मग ओला कपडा दोन-तीन दिवस कडक उन्हात घाल. हळदीचा रंग ऊन खातं. त्यावर पैसे घालवू नको.

संत्र्याच्या सालीबद्दल. काटोल, वरूड, मोर्शीची संत्री हंगामात आपल्याकडे स्वस्त असतात आणि सालींचा ढीग उकिरड्यावर जातो. सालीत जे तेल असतं, पिरगळल्यावर उडतं आणि डोळ्यांना झोंबतं ते, ते चिकटपणा सोडवतं. नवीन भांड्यावरच्या चिकटपट्टीचा गोंद, बाभळीचा डिंक नव्हे, ताज्या सालीची पिवळी बाजू चोळून जातो. साली बरणीत भरून व्हिनेगरमध्ये दोन आठवडे ठेवल्या तर वासाचं चांगलं पाणी मिळतं, काचेला आणि न्हाणीच्या टाइल्सना. गूळ, साली आणि पाणी १:३:१० घेऊन तीन महिने आंबवायची पद्धत हल्ली बचत गटांच्या बैठकांत शिकवतात. मीही केलं. चांगलं होतं, पण ते मुळात सौम्य आंबटच आहे, जंतू मारणारं औषध नव्हे. पहिला महिना रोज झाकण उघडून वायू सोड, आणि काचेची बाटली घेऊ नको, फुटते.

जंतूंचं म्हणशील तर घरात जुलाब-उलटीचं माणूस असेल तेव्हा लिंबू-सोड्यावर विसंबू नको. तिथे ब्लीचिंग पावडरच हवी, ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल त्याच जातीची. दहा लिटरच्या बादलीला ३० ग्रॅम, ताजी बनवलेली, सोड्याने आधी धुतलेल्या जागेवर दहा मिनिटं. उरलेलं दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नको, जोर उडून जातो.

आणि ती कशातही मिसळू नको. आमच्या वसतिगृहात एका दिवाळीच्या सफाईत मदतीला आलेल्या बाईने संडासात आधी ब्लीचिंग टाकली आणि डाग जाईनात म्हणून वरून बाटलीतलं ॲसिड ओतलं. दार लोटलेलं होतं. मी बोळातून जाताना तो घशात खुपणारा वास आला आणि आतून खोकला ऐकू आला. तिला ओढून बाहेर अंगणात आणलं तेव्हा डोळ्यांतून पाणी, आवाज बंद. क्लोरीन वायू तयार झाला होता. तालुक्याला नेलं, ऑक्सिजन लावला, ती वाचली. पण पुढचे कित्येक महिने तिला जिना चढताना धाप लागायची. चूक माझी होती, दोन्ही वस्तू एकाच फळीवर ठेवल्या होत्या आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर आंबट वेगळ्या कपाटात, ब्लीचिंग वेगळ्या, आणि प्रत्येक बरणीवर मोठ्या अक्षरात नाव. लिंबूसत्व आणि व्हिनेगरही ब्लीचिंगजवळ नको, तोच वायू सुटतो.

खर्चाचं विचारलंस म्हणून: किलोभर धुण्याचा सोडा, शंभर ग्रॅम लिंबूसत्व, पाव किलो रिठे, जाडं मीठ, नारळाचा काथ्या. आमच्या आठवडी बाजारात हे सगळं दोनशे रुपयांच्या आत येतं आणि चारपाच माणसांच्या घराला दोन महिने जातं. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण त्याशिवाय लागेलच.

आता फवारणीचे कपडे. हा प्रश्न तू शेवटी, जाता जाता विचारलास. माझ्यासाठी तो पहिला. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर गेले. विष नाकातोंडातूनच जातं असं नाही, ओल्या कपड्यातून कातडीतूनही जातं, आणि तेच कपडे उघड्या हातांनी चोळणाऱ्या बाईच्याही अंगात जातं.

इथे चिंच, लिंबू, राख, गोमूत्र यांतलं काहीही विष मारत नाही. कुणी सांगितलं तरी ऐकू नको. नवऱ्याने घरात पाऊल टाकायच्या आधी गोठ्याजवळ कपडे उतरवावेत आणि साबणाने अंघोळ करावी. कपडे त्याच दिवशी धू, दुसऱ्या दिवसावर टाकले की विष धाग्यात बसतं. रबरी हातमोजे घाल. घरच्या कपड्यांत मिसळू नको, बादलीही वेगळी, तिच्यावर खूण कर. आधी नुसत्या पाण्याने खंगाळ, मग हाताला सोसेल त्यापेक्षा गरम पाण्यात कपड्याची पावडर घालून काठीने हलव, आणि हे दोनदा कर. पाणी विहीर, बोअर, गोठ्याचं टाकं, नाला यांच्यापासून लांब, कुणी येत-जात नाही अशा मातीत ओत. कपडे वेगळ्या दोरीवर, कडक उन्हात. शेवटी बादली आणि हातमोजेही धुऊन वाळव, हातमोजे काढायच्या आधी बाहेरून धू.

बाटलीतलं न मिसळलेलं औषध कपड्यावर सांडलं असेल तर तो कपडा धुवायचाच नाही. कितीही नवा असला तरी. पिशवीत बांधून ठेव, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही अशा जागी, आणि कृषी विभागाच्या माणसाला त्याची विल्हेवाट विचार; चुलीत तर अजिबात टाकू नको, धूर घरात येतो. औषधाचे रिकामे डबे धुऊन त्यात सोडा किंवा पाणी भरायची सवय तुमच्याकडे असेल तर ती आजच मोड. आणि त्याला घरी आल्यावर घाम फुटला, तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा मळमळलं, तर ताक-लिंबू पाजत बसू नको. अंगावरचे कपडे काढ, पाण्याने धू, औषधाच्या डब्याचं लेबल बरोबर घे आणि सरळ दवाखाना गाठ.